बिजागरीवरचा फोन

घडी घालता येणारा टेलिफोन ही कल्पना मोबाइलपेक्षाही जुनी. मार्को झानुसो आणि रिचर्ड सॅपर या डिझाइनरांच्या जोडीने १९६० च्या दशकात इटलीत ‘ग्रिल्लो’ नावाचा घरगुती टेलिफोन घडवला. ठेवला की मिटायचा, उचलला की तोंडाकडची झडप खाली उघडायची. १९६७ मध्ये त्याला ‘कोंपासो द’ओरो’ हा इटलीतला डिझाइनचा मानाचा पुरस्कार मिळाला. घडीमागचं गणित सरळ होतं. माणसाच्या कानापासून तोंडापर्यंतचं अंतर निसर्गाने ठरवून दिलेलं आहे. आतलं यंत्र कितीही आकसलं तरी फोन त्याहून फार आखूड करून भागत नाही. चेहऱ्याला पुरायचा आणि खिशातही मावायचा, तर तो मधोमध मोडता आला पाहिजे.

मोबाइलवाल्यांनी हे लवकर हेरलं. मोटोरोलाच्या १९८९ च्या मायक्रोटॅकला आकड्यांवर मिटणारी झडप होती. जपानमध्ये एनईसीने १९९१ मध्ये ‘मूव्हा एन’ हा घडीचा फोन काढला. जानेवारी १९९६ मध्ये मोटोरोलाचा स्टारटॅक आला. वजन अवघं ८८ ग्रॅम, किंमत अमेरिकेत हजार डॉलरच्या घरात. शर्टाच्या खिशात टाकावा, वाजला की अंगठ्याने उघडावा, बोलणं झालं की मिटून टाकावा. त्या मिटण्यातच एक रुबाब होता. पण स्टारटॅकमध्ये पाहण्यासारखं काहीच नव्हतं. नंबर दाखवणारी चिंचोळी पट्टी, संपलं. तो कानाचा फोन होता.

त्याला पहिल्यांदा डोळा बसवला तो एका बापाने. ११ जून १९९७ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या प्रसूतिगृहात फिलिप कान आपल्या मुलीच्या जन्माची वाट पाहत होते. कान मूळचे फ्रान्सचे, शिक्षण गणिताचं, बोर्लंड या सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. जवळ कॅसिओचा डिजिटल कॅमेरा होता, लॅपटॉप होता आणि स्टारटॅक होता. या तिघांना जोडणारी वायर मात्र बाजारात मिळत नव्हती. मग गाडीतल्या स्पीकरफोनच्या संचातली वायर काढली, डाग दिले आणि बाळंतपणाच्या त्या तासांत लॅपटॉपवर चार ओळींचा प्रोग्राम लिहून काढला. मुलगी जन्मली, फोटो काढला, तो फोनवरून घरच्या सर्व्हरला गेला आणि तिथून सुमारे दोन हजार परिचितांना ईमेलने कळला. काढल्या काढल्या मोबाइलवरून जगाला वाटलेला हा पहिला फोटो मानतात. कॅमेरा बाहेर, संगणक बाहेर, फोन फक्त हमाल. तरी एका यंत्रात काय काय बसायला हवं याची यादी त्या दिवशी तयार झाली होती.

ही यादी पुरी केली जपानने. आज फोनवर फोटो काढून तिथल्या तिथे पाठवणं, गाणी वाजवणं, हसरे-रडके चेहरे धाडणं, काळ्यापांढऱ्या चौकोनांचा कोड वाचणं, फोन टेकवून तिकीट काढणं हे सारं आपण स्मार्टफोनच्या खात्यावर जमा करतो. प्रत्यक्षात १९९९ ते २००६ या सात-आठ वर्षांत, बिजागरीवर उघडणाऱ्या छोट्या फोनांवर हे सगळं होऊन गेलं होतं. तेही आजच्या तुलनेत नखाएवढ्या साधनांत. माझ्या मते संपर्काच्या इतिहासातला हा सर्वांत कल्पक काळांपैकी एक, आणि त्याच्या वाट्याला जितकी दाद यायला हवी होती तितकी आली नाही.

जपानच का? काही कारणं तिथल्या राहणीत होती. टोकियोसारख्या शहरात माणसं दिवसाचे दोन-दोन तास लोकलमध्ये काढत, आणि डब्यात फोनवर बोलणं असभ्य समजलं जाई. बोलता येत नाही, पण फोन हातात आहे. मग वाचणं आणि लिहिणं आलंच. घरोघरी संगणक असण्याचं प्रमाण अमेरिकेच्या मानाने कमी होतं. काही कारणं धंद्याची होती. तिथे फोन कसा असावा हे नोकियासारखा कारखानदार ठरवत नसे. सेवा देणारी कंपनी ठरवे आणि एनईसी, शार्प, पॅनासोनिक, फुजित्सू, मित्सुबिशी यांच्याकडून तो बनवून घेई. म्हणून नावंही तशीच: एन म्हणजे एनईसीचा, पी पॅनासोनिकचा, एसएच शार्पचा, डी मित्सुबिशीचा. फोनच्या किमतीचा मोठा वाटा सेवा कंपनीच उचलत असल्यामुळे गिऱ्हाईक भराभर फोन बदलत आणि दर सहा-आठ महिन्यांनी नवी मालिका येत असे. जाळं, फोन आणि आतला मजकूर असं तिन्ही एकाच मालकाच्या हातात असल्यामुळे एखादी नवी गोष्ट सुचली तर ती तिन्ही ठिकाणी एकदम करता येई.

२२ फेब्रुवारी १९९९ रोजी एनटीटी डोकोमो या सेवा कंपनीने ‘आय-मोड’ ही सेवा सुरू केली. प्रमुख केइची एनोकी. त्यांनी बाहेरून दोघांना आणलं: इंटरनेटच्या धंद्याचा अनुभव असलेले ताकेशी नात्सुनो आणि मारी मात्सुनागा. मात्सुनागाबाई तंत्रज्ञ नव्हत्याच. त्या नोकऱ्यांच्या जाहिरातींचं मासिक चालवणाऱ्या संपादक. सामान्य माणसाला यातलं काय लागेल, हा प्रश्न त्या खोलीत विचारणारं कुणीतरी असणं किती मोलाचं होतं, हे पुढच्या दोन वर्षांत दिसलं. बँकेतली शिल्लक, ट्रेनचं वेळापत्रक, हवामान, राशिभविष्य, कार्टूनची चित्रं अशा ६७ संकेतस्थळांवर सेवा सुरू झाली. महिन्याला ३०० येन भाडं, आणि वर जितका मजकूर मागवाल तितके पैसे: १२८ बाइटच्या एका पुडक्याला ०.३ येन. खेळण्यांच्या बांदाई कंपनीने फोनच्या पडद्यावर रोज नवं चित्र पाठवण्याचे महिना १०० येन लावले आणि लोकांनी ते आनंदाने भरले, कारण पैसे टेलिफोनच्या बिलात जोडून येत. डोकोमो त्यातून ९ टक्के ठेवून घेई, बाकीचे चित्र पाठवणाऱ्याला. मार्च २००१ पर्यंत आय-मोडचे ग्राहक दोन कोटींवर गेले.

या सगळ्याचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. आजच्या फोनचा तीन मेगाबाइटचा एक फोटो त्या वेगाने पाठवायचा म्हटला तर चाळीस मिनिटं लागतील, आणि आय-मोडच्या दराने सात हजार येनचं बिल येईल. जानेवारी २००१ मध्ये फोनवर जावाचे खेळ आले, तेव्हा एका खेळाला दहा किलोबाइटची मर्यादा होती. मेलमध्ये जास्तीत जास्त २५० जपानी अक्षरं. ही कंजुषी लक्षात ठेवली तरच पुढची करामत कळते.

आता बिजागरीकडे येऊ. आय-मोडच्या पहिल्या मालिकेतले इतर फोन सरळ पट्टीचे होते. एनईसीचा एन५०१आय तेवढा घडीचा. तोवर घडी फोन आखूड करण्यासाठी घालत होते. एनईसीच्या फोनने तिचा दुसरा उपयोग दाखवून दिला: घडीमुळे जागा दुप्पट होते. खालच्या अर्ध्यात बटणं, आणि वरचा अख्खा अर्धा पडद्याला मोकळा. सरळ फोनमध्ये बटणं आणि पडदा एकाच जागेसाठी भांडत. एकाला वाढवलं की दुसऱ्याला आक्रसावं लागे. घडीच्या फोनमध्ये हे भांडण मिटलं, वर मिटलेल्या पडद्याला ओरखडेही पडेनात. एकदा लोक फोनकडे पाहू लागले म्हटल्यावर मोठा पडदा जिंकणार हे उघड होतं, आणि दोन-तीन वर्षांत जपानमधले बहुतेक फोन घडीचे झाले. फोनवर चित्र आलं त्यात चिपचं श्रेय मोठं, पण त्या चित्राला ऐसपैस बसायला ओसरी मिळाली ती बिजागरीमुळे.

ही बिजागरी दिसायला क्षुल्लक, करायला महाकठीण. ती उघडून पाहिली की आत कागदासारखी पातळ, मधाच्या रंगाची एक लवचीक पट्टी दिसते. पॉलिइमाइडच्या त्या फितीवर तांब्याच्या केसासारख्या रेघा आखलेल्या असतात. वरच्या अर्ध्यातला पडदा आणि खालच्या अर्ध्यातला मेंदू यांच्यातलं सगळं दळणवळण याच फितीतून. ती बिजागरीच्या दांड्याभोवती सैलसर वळसा घेऊन जाते, म्हणजे उघडमीट करताना ताण एकाच ठिकाणी पडू नये. दिवसातून शंभर वेळा फोन उघडणारा माणूस दोन-तीन वर्षांत या फितीला लाखभर तरी वळसे देतो. सुरुवातीला तिच्यातून थोड्याच रेघा जात. मग पडदा रंगीत झाला, बाहेरून वेळ पाहायला दुसरा पडदा आला, वरच्या अर्ध्यात कॅमेरा बसला, आणि रेघा वाढत वाढत इतक्या झाल्या की फीत वळेनाशी होऊ लागली. तेव्हा इंजिनिअरांनी बरीचशी माहिती थोड्या तारांतून एकामागोमाग धाडण्याच्या पद्धती काढल्या. क्वालकॉमची एमडीडीआय ही त्यातलीच एक. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत दुरुस्तीवाल्यांकडे फोल्डिंगचा फोन नेला आणि पडद्यावर उभ्या रेघा दिसत असल्या, की ते फोन न उघडताच सांगत, ‘स्ट्रिप गेली.’ बहुतेक वेळा निदान बरोबर निघे.

चित्रखुणांची कथा आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे, तरी ती इथेच सांगायला हवी. शिगेताका कुरिता हे आय-मोडच्या गटातले तरुण कर्मचारी. अडीचशे अक्षरांच्या मेलमध्ये जपानी माणसाचा अदबशीरपणा मावत नव्हता; कोरडं वाक्य तुटक वाटे, बोलणाऱ्याचा सूर कळत नसे. त्याआधी डोकोमोच्या पेजरवर बदामाची खूण होती आणि ती पोरापोरींची लाडकी होती. कुरितांनी १२ गुणिले १२ ठिपक्यांच्या चौकटीत १७६ चित्रं आखली: ऊन, पाऊस, छत्री, चंद्राच्या कला, ट्रेन, बिअरचा ग्लास, फुटलेलं हृदय. एका चित्राला १४४ ठिपके. एवढ्यात छत्री छत्रीसारखी दिसायला हवी आणि राग रागासारखा. ही मांडणी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने, म्हणजे मोमाने, आपल्या संग्रहात घेतली. जे-फोन या प्रतिस्पर्धी कंपनीच्या ग्राहकांना १९९७ मध्येच एका फोनवर अशी काही चित्रं मिळाली होती, पण तो फोन फारसा चालला नाही. रोजच्या लिहिण्यात ती रुळवली डोकोमोने.

आवाजाचं कोडं याहून गमतीचं. १९९८ च्या सुमारास फोनच्या बटणांवर सुरावट कशी दाबायची हे शिकवणारी पुस्तकं जपानमध्ये तडाखेबंद खपत होती. आपल्याकडेही पुढे नोकियावर आकडे दाबून सिनेमाची गाणी बसवायची हौस होतीच. पण ती एकसुरी पिपाणी. खरं गाणं साठवायला जागा नाही आणि पाठवायला वेग नाही, तर वाद्यवृंद वाजणार कसा? उत्तर तीस वर्षं आधी सापडून ठेवलेलं होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये असं दाखवलं होतं की एका लहरीने दुसऱ्या लहरीची कंपनसंख्या हलवत राहिलं, तर दोन साध्या सुरांतून घंटा, पितळी वाद्यं, पियानो असे कितीतरी नाद जन्मतात. यामाहाने त्या शोधाचा परवाना घेतला आणि १९८३ च्या डीएक्स-७ या कीबोर्डमधून जगभरच्या गाण्यांत पोचवला. तोच शोध यामाहाने नखाएवढ्या चिपमध्ये घालून फोनला दिला. गाणं पाठवायचंच नाही. कुठला सूर, केव्हा, कितीवेळ एवढी चिठ्ठी पाठवायची, नाद फोनने स्वतः निर्माण करायचा. आधी चार सुरांच्या, मग सोळा, मग चाळीस सुरांच्या चिप आल्या. कराओकेसाठी गाण्यांच्या अशा चिठ्ठ्या करून ठेवलेल्या कंपन्या जपानमध्ये होत्याच. त्यांना आयतं घबाड मिळालं. डिसेंबर २००२ मध्ये केडीडीआय या सेवा कंपनीने खऱ्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा वाजवणारी रिंगटोन सुरू केली, आणि ही चिठ्ठ्यांची कला हळूहळू मागे पडली. मला ती अजून मोठी वाटते.

आणि कॅमेरा. पहिला प्रयत्न मे १९९९ मधला, क्योसेराचा व्हीपी-२१० हा फोन. एक लाख दहा हजार ठिपक्यांचा कॅमेरा, पण तो बोलणाऱ्याच्या तोंडाकडे रोखलेला, कारण कल्पना होती समोरासमोर बोलण्याची. सेकंदाला दोन चित्रं. बोलताना दिसलं पाहिजे ही इंजिनिअरांची जुनी हौस. लोकांना मात्र तिची ओढ नव्हती. दक्षिण कोरियात सॅमसंगने २००० च्या जूनमध्ये आणखी एक प्रयत्न केला. त्यातले फोटो बाहेर काढायचे तर फोन संगणकाला जोडावा लागे.

नोव्हेंबर २००० मध्ये जे-फोनसाठी शार्पने जे-एसएच०४ बनवला. जपानमध्ये याची जन्मकथा अशी सांगतात: जे-फोनचे एक अधिकारी आईवडिलांना घेऊन हाकोनेच्या रोपवेत बसले होते. शेजारची एक बाई खिडकीबाहेरचा देखावा पाहून भारावली होती आणि तो कुणाला तरी मेलमध्ये लिहून कळवायची धडपड करत होती. शब्द पुरत नव्हते. त्यांच्या मनात आलं, हिला लिहायला कशाला लावायचं?

फोन सरळ पट्टीचा, वजन ७४ ग्रॅम, पडदा २५६ रंगांचा, कॅमेरा पुन्हा एक लाख दहा हजार ठिपक्यांचाच. पण या वेळी तो पाठीवर होता, जगाकडे तोंड करून. शेजारी बोटाच्या पेराएवढा गोल फुगीर आरसा. स्वतःचा फोटो काढायचा तर फोन उलटा धरायचा, आरशात आपला आणि मैत्रिणीचा चेहरा नीट मावतोय हे बघायचं आणि बटण दाबायचं. कटकट नाही, वायर नाही. कॅमेरा इतका लहान झाला होता त्याला कारण नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अवकाशयानांसाठी विकसित केलेला सीमॉस संवेदक: कमी वीज, आणि साध्या चिपच्या कारखान्यात होणारा. फोटो काही किलोबाइटचा, टपाल तिकिटाएवढा, धुरकट. तरी तो पाठवता येत होता, आणि सगळी जादू त्यात होती. २००१ मध्ये जे-फोनने याला ‘शा-मेल’ हे नाव देऊन जाहिराती केल्या आणि शार्पने घडीच्या फोनमध्येही कॅमेरा बसवला. तिसऱ्या क्रमांकावरची जे-फोन या एका सेवेच्या बळावर वर सरकली. बलाढ्य डोकोमोला जून २००२ मध्ये आपला पहिला असा फोन त्याच शार्पकडून करून घ्यावा लागला. मे २००३ मध्ये शार्पचा घडीचा जे-एसएच५३ दहा लाख ठिपक्यांवर पोचला. अडीच वर्षांत नऊपट.

याची काळी बाजूही लगेच दिसली. गर्दीत, जिन्यात, दुकानात चोरून फोटो काढण्याचे प्रकार सुरू झाले. म्हणून जपानी कंपन्यांनी फोटो काढताना होणारा ‘खटॅक’ आवाज बंद करण्याची सोयच ठेवली नाही. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या फोनवर हा आवाज अजूनही टिकून आहे.

पुढची काही वर्षं नुसती भरभराट. सगळंच यशस्वी झालं असं नाही. १ ऑक्टोबर २००१ रोजी डोकोमोने ‘फोमा’ ही जगातली पहिली व्यावसायिक थ्रीजी सेवा सुरू केली. फोन जड, बॅटरी दोन-अडीच दिवसही जेमतेम टिकणारी, आणि शहराबाहेर रेंज नाही. लोकांनी सुरुवातीला पाठ फिरवली. चष्म्याशिवाय त्रिमिती दिसणारा पडदाही शार्पने २००२ मध्ये करून पाहिला. पण याच वर्षी शार्पच्या फोनने क्यूआर कोड वाचायला सुरुवात केली. हा कोड डेन्सो वेव्हच्या मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी शोधला होता. फोनला कॅमेरा आला म्हणून तो कारखान्यातून रस्त्यावर उतरला. जुलै २००४ मध्ये डोकोमोने सोनीची फेलिका चिप घातलेले फोन आणले. दुकानातल्या यंत्रावर फोन टेकवायचा, पैसे चुकते. जानेवारी २००६ पासून असाच फोन टेकवून टोकियोच्या स्टेशनात शिरता येऊ लागलं. १ एप्रिल २००६ पासून फोनवर दूरदर्शन दिसू लागलं, आणि त्यासाठी उघडून पुन्हा आडवे फिरवता येणारे पडदे आले. फोनवर लिहिलेल्या, फोनवरच हप्त्याहप्त्याने वाचल्या गेलेल्या कादंबऱ्या पुस्तकरूपात आल्या आणि २००७ मध्ये जपानच्या सर्वाधिक खपाच्या दहा कादंबऱ्यांपैकी पाच या अशा होत्या.

बाहेरच्या जगात याचे तुकडे तुकडे पोचले. कोरियन सॅमसंगने २००२ च्या टी-१०० या घडीच्या फोनमध्ये झळझळीत टीएफटी पडदा देऊन नाव कमावलं. अमेरिकेत त्याच वर्षाच्या अखेरीस स्प्रिंटने सान्योचा एससीपी-५३०० आणला, कॅमेरा पोटात असलेला तिथला पहिला फोन. फोटो पाठवण्याची सोय होती फिलिप कान यांच्याच लाइटसर्फ कंपनीची. नोकियाने घडीच्या फोनकडे बराच काळ दुर्लक्ष केलं आणि २००४ मध्ये त्याची किंमत बाजारातला वाटा गमावून मोजली.

मग आला तो फोन, ज्याच्यामुळे बहुतेकांना हा सगळा काळ आठवतो. मोटोरोलाचा रेझर व्ही३. रॉजर जेलिको यांच्या हाताखालच्या गटाने शिकागोजवळ लिबर्टीव्हिल इथे तो घडवला. एकच ध्यास, जाडी कमी. त्यासाठी नेहमीची रचना मोडली. बॅटरी सर्किट बोर्डाच्या खाली न ठेवता शेजारी ठेवली, अँटेना डोक्यावरून काढून हनुवटीत नेली. शेजारी शेजारी ठेवल्याने रुंदी ५३ मिलिमीटर झाली, आणि कंपनीचा नियम होता ४९ च्या वर जायचं नाही. गटाने नमुना हातात धरून पाहिला, पुरता मावतोय हे पटलं आणि नियम बाजूला ठेवला. बटणं म्हणजे धातूच्या एकाच सपाट पत्र्यावर रसायनाने कोरलेल्या रेषा, खालून निळा उजेड. जुलै २००४ मध्ये जाहीर झाला तेव्हा जाडी होती १३.९ मिलिमीटर आणि वजन ९५ ग्रॅम. पुढच्या चार वर्षांत तेरा कोटींहून अधिक विकला गेला; घडीच्या कुठल्याही फोनला हा पल्ला गाठता आला नाही.

देखणा होता, यात वाद नाही. हातात घेऊन एका झटक्यात उघडावा आणि मिटताना होणारा तो आवाज ऐकावा, इतकं सुख फार थोड्या यंत्रांत असतं. पण आत पाहिलं तर कॅमेरा व्हीजीए, म्हणजे तीन लाख ठिपके. जपानी फोन वर्षभर आधी त्याच्या तिप्पट पुढे गेले होते. आतली जागा साडेपाच मेगाबाइट, ती वाढवायला कार्ड नाही. व्हिडिओ चालत, ब्लूटूथ होतं, मात्र मेनू किचकट. रेझर हा धातूकामाचा विजय होता. मोटोरोलाने तोच साचा रंग बदलून वर्षानुवर्षं विकला, किमती घसरत गेल्या आणि आत काय घालायचं हा विचार मागेच राहिला. या काळाचा नायक म्हणून रेझरचं नाव घेतात तेव्हा मला हाकोनेच्या रोपवेतली ती बाई जास्त महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे त्या वर्षांची आठवण वेगळी आहे. महाराष्ट्रात घरोघरी जो फोन शिरला तो २००३ चा नोकिया ११००: सरळ, दणकट, वर टॉर्च. वीज जाणाऱ्या गावात टॉर्चचं मोल कॅमेऱ्याहून जास्त होतं, आणि ते बरोबरच होतं. घडीचा फोन होता तो कॉलेजातल्या सुखवस्तू पोरांकडे किंवा परदेशातून आलेल्या नातेवाइकाच्या हातात. आय-मोडच्या जवळ जाणारी एक गोष्ट मात्र नवी मुंबईत घडली. रिलायन्स इन्फोकॉमने १ जुलै २००३ पासून ‘मान्सून हंगामा’ योजनेत ५०१ रुपये भरून फोन घरी नेण्याची सोय केली, आणि त्या सीडीएमए फोनांवर ‘आर वर्ल्ड’ नावाचा मेनू होता: बातम्या, क्रिकेटचा स्कोअर, भविष्य, रिंगटोन, छोटे खेळ. जाळं, फोन आणि मजकूर एकाच मालकाकडे, अगदी डोकोमोसारखं. पण जपानमध्ये चित्र पाठवणाऱ्या छोट्या कंपनीच्या पदरात उत्पन्नाचा नव्वद टक्क्यांवर वाटा पडे, म्हणून हजारो लोक त्यासाठी काही ना काही बनवत राहिले. आपल्याकडे सेवा कंपन्या मोठा घास स्वतःकडे ठेवत आणि बनवणाऱ्याला उरलंसुरलं मिळे. तो बाजार फुललाच नाही. खुद्द डोकोमो भारतात आली ती नोव्हेंबर २००८ मध्ये टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये २६ टक्के भागीदारी घेऊन. ‘टाटा डोकोमो’ लोकांच्या लक्षात राहिलं सेकंदाच्या हिशोबाने बिल लावल्याबद्दल. फोनलाच पैशाचं पाकीट करण्याची किमया या मंडळींनी आपल्याला दाखवली नाही; ती दहाएक वर्षांनी यूपीआयने क्यूआर कोडच्या पाठीवर बसून आणली.

जपानी फोन जगभर का गेले नाहीत, याचं उत्तर त्यांच्या यशातच होतं. तिथलं टूजी जाळं बाकी जगाशी जुळणारं नव्हतं, मेनू एकेका कंपनीच्या कुंपणात होते, आणि घरच्या गिऱ्हाइकावर इतकं छान चाललं होतं की बाहेर पडायची निकड भासली नाही. जगापासून तुटलेल्या बेटांवर वाढलेल्या प्राण्यांची आठवण होऊन जपानी लोकांनीच पुढे या फोनांना गालापागोसचं नाव जोडलं.

जुलै २००८ मध्ये सॉफ्टबँकने, म्हणजे पूर्वीच्या जे-फोननेच, आयफोन जपानमध्ये आणला. आल्या आल्या त्याला अडचण आली: चित्रखुणा नाहीत. चित्रखुणांशिवाय मेल लिहायला जपानी गिऱ्हाईक तयार नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲपलने खास जपानसाठी त्या घातल्या. २०१० मध्ये त्या युनिकोडच्या प्रमाण यादीत आल्या आणि मग मराठीत लिहिणाऱ्यांच्याही कीबोर्डवर. फोन टेकवून पैसे देण्याबाबतही तेच झालं. टोकियोच्या फाटकावर रोज लाखो माणसं ज्या वेगाने पार व्हायची तो वेग बाहेरच्या पद्धतीला जमत नव्हता. शेवटी २०१६ मध्ये, घडीच्या फोनात ती चिप बसून बारा वर्षं उलटल्यावर, ॲपलने जपानमध्ये विकायच्या आयफोन ७ मध्ये फेलिकाची सोय दिली.